बंब कुठे उभा करायचा?

नगरपालिकेचं नवं अग्निशमन केंद्र कुठे बांधावं, असा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "जागा कुठे मोकळी आहे?" दुसरा असतो, "ती कोणाच्या नावावर आहे?" आग कुठे लागते, हा प्रश्न फार उशिरा येतो, कधी येतच नाही. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपुरता तरी तो आधी विचारायला हवा, असं मला वाटतं. त्याचं उत्तर नकाशात कमी आणि इतिहासात जास्त आहे.

२०१४ हे आपल्या जिल्ह्याच्या जन्माचं वर्ष. १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, एवढं शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. मला मात्र त्या वर्षाचे पहिले तीन महिने जास्त लक्षात आहेत. ८ जानेवारीच्या पहाटे वांद्र्याहून डेहराडूनला निघालेल्या एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यांना डहाणू रोड आणि घोलवडच्या दरम्यान आग लागली. फाटकावरच्या गेटमनला जळणारा डबा दिसला, त्याने कळवलं, गाडी थांबवली गेली. तीन डबे जळाले, नऊ प्रवासी दगावले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मनोरजवळ कुडे इथे पुण्याहून अहमदाबादला जाणारी खाजगी बस डिझेलच्या टँकरला धडकली आणि पेटली. आठ जण गेले. २२ मार्चला चारोटीजवळ गॅसचा टँकर उलटून भडका उडाला, त्यातही किमान आठ जण. अडीच महिन्यांत पंचवीस माणसं आगीत गेली, तीही एकाच पट्ट्यात.

घोलवड, कुडे, चारोटी. तिन्ही ठिकाणं ग्रामपंचायतीची. नगरपालिकेची हद्द यांतल्या एकाही ठिकाणापर्यंत पोहोचत नाही. मग नगरपालिकेचा बंब नगरपालिकेच्या हद्दीत उभा करायचा, तर तो नेमका कोणत्या आगीसाठी?

ही हद्द अशी का आखली गेली, ते बघू. जुनं डहाणू खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या आधाराने वाढलेलं बंदर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आलं, त्याआधी पोर्तुगीजांकडे होतं. माल समुद्राने यायचा, माणसंही समुद्राने यायची, म्हणून वस्ती समुद्राकडे तोंड करून बसलेली. मग १८६४ च्या नोव्हेंबरात सुरतेकडून येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि जुन्या गावापासून थोडं आत, रुळांच्या कडेला दुसरं डहाणू उभं राहिलं. स्टेशनच्या नावातला 'रोड' तेच सांगतो: गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. पुढे वखारी, भाजीबाजार, दवाखाने, फुग्यांचे कारखाने सगळं या दुसऱ्या डहाणूच्या आसपास जमलं. नगरपालिका झाली ती या दोन डहाणूंची मिळून. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती, आणि सबंध तालुक्याची ४ लाख २ हजार.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा ८ नंबर आणि आताचा ४८, या दोन्ही डहाणूंना टाळून आतून गेला. स्टेशनपासून चारोटी नाका वीस किलोमीटरांहून लांब आहे. बंदर, रेल्वे आणि हमरस्ता असे तीन काळ तीन समांतर रेघांवर बसले आहेत, तिन्ही उत्तर-दक्षिण. नगरपालिका पहिल्या दोन रेघांवर आहे. ज्वालाग्राही माल मात्र तिसऱ्या रेघेवरून रात्रंदिवस धावतो.

आता बंबाकडे येऊ. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असे शब्द हाताशी आले की सोडवत नाहीत. 'बंब' आला पोर्तुगीज 'बोम्बा'वरून, म्हणजे पंप. उर्दूतला 'बंबा' त्याचाच भाऊ. आपल्याकडे आंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंबही त्याच घरातला. एकाच शब्दाच्या पोटात विस्तव आणि पाणी दोन्ही मावले, ही भाषेची गंमत. पण शब्द इथे कधीच पोहोचला आणि ते यंत्र मात्र मुंबईतच राहिलं.

मुंबईत आगीचा बंदोबस्त सुरू झाला तो मोठ्या नुकसानीनंतर. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या आत भयंकर आग लागली, दाट वस्तीचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यानंतर कोटातली गर्दी बाहेर काढायची धडपड झाली आणि तटाबाहेरची वस्ती वाढली. आग विझवण्याचं काम पुढे बरीच वर्षं पोलिसांकडे होतं. १८६५ च्या सुमारास घोड्यांनी ओढायचे बंब आले, तेही पोलीस आयुक्तांच्या हाताखाली. १८८७ मध्ये हे खातं महापालिकेकडे गेलं आणि १८८८ च्या कायद्याने आग विझवणं हे महापालिकेचं कर्तव्य ठरलं. तेव्हापासून आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं आहे की अग्निशमन म्हणजे नगरपालिकेचं काम. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणात. आमच्याकडेही शाळेत त्या आठवड्यात घोषवाक्यं लिहून घेतात. घोषवाक्यं चांगली असतात. पण पाड्यावरून येणाऱ्या मुलाला 'तुमच्या गावात बंब कुठून येतो?' असं विचारलं की ते गोंधळून बघतं, कारण त्याने बंब पाहिलेला असतो तो पुस्तकात.

त्याच काळात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे आपल्याकडे, सरकारला आगीची काळजी नव्हती असं नाही. होती, पण झाडांच्या बाजूने. वारली आणि इतर आदिवासी शेतकरी भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून राब भाजतात. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं, फांद्या तोडण्यावर बंधनं आली, आणि राबाचा प्रश्न इतका पेटला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यावर वन आयोग नेमावा लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी त्याच्यापुढे आल्या. म्हणजे आगीवर कायदा होता, पहारा होता, जाळरेषा होत्या. फक्त माणसाचं घर पेटलं तर त्याच्यासाठी काही नव्हतं. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर असलेलं झोपडं एप्रिल-मेच्या वाऱ्यात किती वेळात जातं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. हिरवे डहाळे आणि विहिरीवरची बादली, एवढीच काय ती अग्निशमनाची सोय.

दुसरी गोष्ट गवताची. डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातलं गवत हा मोठा धंदा होता. जमीनदार आणि व्यापारी वारल्यांकडून गवत कापून घेत, त्याच्या गासड्या बांधून रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना धाडत. मुंबईकराच्या चहातलं दूध आपल्या माळावरच्या गवतावर उभं होतं. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी इथे किसान सभेची परिषद झाली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. त्यानंतर लगेच जो संप झाला तो गवत कापणीच्या मजुरीचा होता: ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड त्यात गेले. हा इतिहास आपण लढ्याचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इथलं वाळलेलं गवत ज्यांच्या मालकीचं होतं त्यांना ते कधी जळेल याची धास्ती होती. ज्यांच्या डोक्यावर गवताचं छप्पर होतं, त्यांच्या धास्तीची नोंद कोणत्या दफ्तरात नाही.

१९६० मध्ये द्विभाषिक राज्य फुटलं, उंबरगाव गुजरातेत गेलं, इकडे उरलेल्या गावांची तलासरी झाली. आता तलासरीला नगरपंचायत आहे. तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्येच दीड लाखाच्या वर होती.

स्वातंत्र्यानंतर आगीची वाटणी बदलली का? कागद बघितले तर नाही. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं हे नगरपरिषदेचं आवश्यक कर्तव्य आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात शहरांकडे सोपवायचे १८ विषय आहेत, आणि सातवा विषय 'अग्निशमन सेवा'. त्याच वेळी पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात २९ विषय आहेत. शेती, लघुपाटबंधारे, वाचनालयं, बाजार, पशुसंवर्धन, सगळं आहे, अग्निशमन नाही. १८८८ च्या मुंबईतलं समीकरण शंभर वर्षांनी दिल्लीत जसंच्या तसं राज्यघटनेत शिरलं. आग ही शहरांची अडचण, गावाला ती लागत नसावी.

म्हणून आपल्याकडे महामार्गावर काही पेटलं की फोन फिरतात. डहाणू नगरपालिकेला, औष्णिक वीज केंद्राला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला. जो मोकळा असेल तो बंब निघतो. यात या बंबांवरच्या माणसांचा काही दोष नाही, ते आपल्या हद्दीबाहेर माणुसकीने येतात. पण माणुसकीला रस्त्याचं अंतर कमी करता येत नाही. आपल्याकडची अग्निशमनाची शिफारस म्हणते की ग्रामीण भागात पहिला बंब वीस मिनिटांत पोहोचावा. स्टेशनकडून चारोटीला भरल्या टाकीचा जड बंब ताशी चाळीसच्या वेगाने निघाला, तर अर्धा तास रस्त्यातच गेला. तलासरी आणि त्यापुढची गुजरातची हद्द त्याहून लांब. शिवाय साधारण बंबात साडेचार हजार लिटर पाणी असतं. एका नळीने जोरात मारलं तर दहा-बारा मिनिटांत टाकी रिकामी. गॅसचा टँकर पेटला असेल तर ज्वाळेवर पाणी मारून भागत नाही, टाकी थंड ठेवत राहावी लागते, नाहीतर ती फुटते. तेव्हा बंब किती लांबून येतो याइतकंच तो दुसऱ्यांदा पाणी कुठून भरतो यालाही महत्त्व आहे.

डहाणू शहराला स्वतःचं चांगलं केंद्र हवंच, यात वाद नाही. बाजार दाट आहे, फुग्यांच्या कारखान्यांत रबर आणि रसायनं असतात, बंदरात बोटींचं डिझेल असतं, आणि एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत आल्यामुळे इमारतींचे मजले वाढत आहेत. तिथे एकच पथ्य पाळावं: रुळांमुळे गाव दोन भागांत आहे, म्हणून बंबाला बाहेर पडताना फाटकाची वाट बघावी लागेल अशी जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये. नगरनियोजनाचा केंद्रीय आराखडा दोन लाख लोकसंख्येमागे किंवा पाच ते सात किलोमीटरांच्या परिघात एक केंद्र सुचवतो, आणि निवासासह केंद्राला एक हेक्टर जागा. तेवढी जागा डहाणूत शोधायला बसलं की एकेक कायदा समोर येतो. किनाऱ्यालगत सीआरझेड. आत जंगलाची जमीन. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने सबंध तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. काही लोक या प्राधिकरणाला विकासातली अडचण म्हणतात. मी म्हणत नाही. चिकूच्या वाड्या आणि खाडी शिल्लक आहेत त्या काही प्रमाणात त्याच्यामुळेच. आणि अग्निशमन केंद्र म्हणजे काही रासायनिक कारखाना नव्हे, इच्छा असेल तर वाट निघते.

थोडं विषयांतर करते. आगीसाठी विचारपूर्वक जागा निवडल्याचा आपल्या भागातला सर्वांत जुना किस्सा विझवण्याचा नाही, जपण्याचा आहे. बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरातल्या गुंफा बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. 'किस्सा-ए-संजान' हे फारसी काव्य १६०० च्या आसपास लिहिलं गेलं. त्यात सांगितलं आहे की सुलतान महमूदाच्या फौजेने संजान घेतलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी या डोंगरात आणला आणि बारा वर्षं तिथे सांभाळला. हल्ला करणारी फौज मुसलमान सुलतानाची होती, हे मी वर्गातही तसंच सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि आजच्या शेजाऱ्याशी भांडण्यासारखंही नाही. मला लक्षात राहते ती निवड. उंच जागा, दूरवर नजर, वर यायला अवघड वाट, आणि डोंगरात पाणी. त्या लोकांनी आधी धोका कुठून येईल ते पाहिलं आणि मग जागा ठरवली.

तोच हिशेब महामार्गाला लावला तर दोन नावं समोर येतात. पहिलं चारोटी-कासा. इथे महामार्गाला डहाणूकडून येणारा आणि जव्हारकडे जाणारा रस्ता मिळतो. सूर्या नदीचं पाणी शेजारी आहे, कासाला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला पंधरा दिवस लाखोंची गर्दी, दुकानं, गॅसच्या शेगड्या हे सगळं जवळच असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये याच सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला तेव्हा देशभरच्या वाहिन्यांना चारोटी कुठे आहे ते कळलं. बरेच दिवस पुलाच्या रचनेवर, सीटबेल्टवर चर्चा झाली. जवळपास बचाव पथक कुठे असतं, हा प्रश्न मला तरी कोणी विचारलेला ऐकू आला नाही.

दुसरं नाव दापचरी. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवावेत म्हणून सरकारने इथे प्रचंड दुग्ध प्रकल्प उभा केला, त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधलं. आधी आपलं गवत मुंबईच्या म्हशींकडे जात होतं, मग म्हशीच गवताकडे आणल्या. प्रकल्प पुढे मोडकळीला आला. सरकारी जमीन आहे, महामार्गालगत आहे, डहाणू आणि तलासरीच्या मधोमध आहे, पाणी आहे, आणि सीमेच्या तपासणी नाक्यामुळे टँकर-ट्रकांच्या रांगा दारातच. नकाशावर बोट ठेवायला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

पण 'सरकारी जमीन' हे दोन शब्द दापचरीत इतके साधे नाहीत. ती जमीन दुधाच्या नावाने आदिवासींकडून घेतलेली आहे, आणि प्रकल्प बंद पडला तर ती परत मिळावी अशी मागणी त्यांची मुलंनातवंडं करत आली आहेत. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे भूसंपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो. इथे संपादन जुनंच आहे, नव्याने विचारायची गरज नाही, असं एखादा अधिकारी म्हणेल. कायद्याच्या अक्षरात ते बसतही असेल. तरी मी म्हणेन, विचारा. एक हेक्टर मागा, उरलेल्या जमिनीचं काय करणार ते त्याच बैठकीत सांगा, आणि केंद्रात भरती करताना याच पाड्यांवरची मुलं घ्या. रात्री अंधारात कोणत्या पाड्याला कोणत्या वाटेने गाडी जाते आणि मे महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी असतं, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असतं.

खर्च कोणी करायचा, इथे गाडी अडते. डहाणू नगरपालिका दापचरीत बांधकाम करणार नाही, तलासरी नगरपंचायतीचा आवाका लहान, ग्रामपंचायतींच्या अनुसूचीत हा विषयच नाही. तेव्हा हे काम जिल्हा आणि राज्य पातळीवरूनच व्हायला हवं, नगरपालिकेच्या नावाचा बोर्ड लागो न लागो. टोल महामार्गावर घेतला जातो, महामार्गाच्या आगीसाठी त्यातला वाटा मागण्यात काही गैर नाही.

आणि वेळ फार नाही. समुद्र, रेल्वे, हमरस्ता या तीन रेघांच्या शेजारी आणखी तीन आल्या आहेत: मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींहून मोठा प्रकल्प. बंदराला माझा पाठिंबा आहे की विरोध, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण बंदर झालं तर तिथला माल वाढवणहून तव्याकडे नव्या रस्त्याने महामार्गांना जाऊन मिळणार आहे. म्हणजे आजवर फक्त उत्तर-दक्षिण धावणारा ज्वालाग्राही माल पहिल्यांदाच तालुक्याच्या मधून, पाड्यांच्या शेजारून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाईल. त्या रस्त्याच्या आराखड्यात पूल आहेत, जोडमार्ग आहेत. अग्निशमनाची जागाही त्याच आराखड्यात, त्याच भूसंपादनाच्या वेळी नोंदवून घेता येते. रस्ता झाल्यावर मागायला गेलो तर पुन्हा कोणीतरी पहिला प्रश्न विचारेल, जागा कुठे मोकळी आहे.